पॅराशूटची दोरी

रुफिनोला मी अजून माफ केलेलं नाही. माझा सख्खा भाऊ मेलचोर, त्यालाही पुरतं केलेलं नाही. गावातले लोक मला म्हणतात, "आर्सेन्यो, सोड आता. सगळे जिवंत परत आले ना?" आले. पण कसे आले ते त्यांनी पाहिलेलं नाही. मी पाहिलंय.

मेलचोर आमच्या होडीचा तांडेल, मी इंजिन सांभाळायचो. रुफिनोची होडी आमच्या होडीएवढीच लांब, होडी कलंडू नये म्हणून दोन्ही अंगांना तशाच बांबूच्या उलांड्या. त्याच्या धाकट्या मुलीच्या बाप्तिस्म्याला मेलचोर धर्मपिता म्हणून उभा राहिला होता. तेव्हापासून दोघं एकमेकांना 'पारे' म्हणायचे, एकमेकांच्या घरी न विचारता जेवायला बसायचे.

आम्ही कुपा, म्हणजे मोठा ट्यूना, धरतो तो मिंदोरो बेटाच्या किनाऱ्यापासून पार बाहेर, जिथे तळ इतका खोल आहे की लोखंडी नांगर टाकून उपयोग नाही. तिथे आमचा नांगर म्हणजे पॅराशूट. होडीच्या पुढच्या टोकावरून, म्हणजे नाळेवरून, लांब दोरीने सोडलेलं मोठं कापड. ते पाण्याखाली फुगतं आणि होडीला धरून ठेवतं. होडी वाऱ्याकडे तोंड करून हळूहळू मागे सरकते, गळाच्या दोऱ्या सरळ खाली उभ्या राहतात. पॅराशूट लहान पडलं की होडी वाऱ्याबरोबर पळत सुटते, दोऱ्या तिरक्या होतात, म्हाकुलाचं आमिष वर येतं आणि कुपा खालच्या खाली निघून जातो.

त्या वर्षी दोघांनाही नवं पॅराशूट हवं होतं, म्हणून आम्ही एकत्रच शहरातल्या दुकानात गेलो. रुफिनोने आत शिरल्या शिरल्या एक तयार पॅराशूट उचललं. निळं, चकचकीत, छोट्या पिशवीत मावणारं.

"हे बघ पारे, एका हाताने ओढून घेता येतं."

मेलचोरने त्याची शिवण उलटी करून पाहिली. "सालुदला दे. बाजारात जाताना डोक्यावर धरेल."

सालुद म्हणजे रुफिनोची बायको. दुकानदार हसला. रुफिनो नाही हसला.

"तुझं ते तंबूएवढं धूड बाहेर काढायला तीन माणसं लागतात. तेवढ्यात मी जागा बदलून दुसरीकडे गळ सोडलेलेही असतात."

"तू जागाच बदलत बस. तुझी होडी केवढी, हे केवढं? जरा जोराचा वारा आला तर हे तुला नाही धरणार, तूच त्याला ओढत नेशील."

"जोराचा वारा आला तर मी घरी येईन. तुझ्यासारखा तिथे बसून राहणार नाही."

मेलचोरने तयार माल घेतलाच नाही. जाड नायलॉनचं कापड घेतलं, अंगठ्याएवढ्या जाडीची दोरी घेतली, दोरीला पीळ पडू नये म्हणून फिरती कडी घेतली. कडी घेताना ती त्याने इतक्या वेळा फिरवून पाहिली की दुकानदार म्हणाला, "बाबा, लग्न लावून देऊ का हिच्याशी?" पॅराशूट शिवलं माझ्या वहिनीने, मानांग फेलिसाने. थोरल्या बाईला आम्ही मानांग म्हणतो, थोरल्या पुरुषाला मानोंग. कडेला दुहेरी शिवण, प्रत्येक पाकळीला वेगळी दोरी. दोन सुया मोडल्या, तिसरी बोटात गेली. आम्ही ते घराएवढं कापड किनाऱ्यावर पसरलं तेव्हा लोक बघायला आले होते. रुफिनोही आला. पायाने एक कोपरा उचलून पाहिला आणि गेला.

मे महिन्याच्या शेवटी आम्ही दोन्ही होड्या बरोबरच निघालो. आमच्या होडीत मेलचोर, मी आणि तास्यो. तास्यो म्हणजे तोंडाला कुलूप नसलेला माणूस. भात शिजवतानाही भाताशी बोलतो. रुफिनोबरोबर त्याचे दोन खलाशी.

सकाळी जागेवर पोचलो. मेलचोरने होडी वाऱ्याकडे वळवली, आम्ही पॅराशूट सोडलं. आधी पिवळा डबा, जो वर तरंगतो आणि पॅराशूट कुठे आहे ते दाखवतो. मग कापड. मग दोरी, सावकाश, हातातून निसटू न देता, लाटांचं अंतर बघून मेलचोर 'बस' म्हणेपर्यंत. दोरी ताठ झाली आणि होडी अशी थांबली की तास्योने कॉफीचा पेला फळीवर ठेवला आणि तो तिथेच राहिला.

"ही बघा खुर्ची," तास्यो म्हणाला. "मानांग फेलिसाने आपल्याला समुद्रात खुर्ची शिवून दिली."

मेलचोरने रुफिनोला हात करून ओरडून सांगितलं, "पारे, तुझी होडी जास्त पळते! आमच्या मागच्या अंगाला राहा! वरच्या अंगाला जाऊ नकोस!"

समुद्रावर ही गोष्ट कुणाला शिकवावी लागत नाही. ज्याची होडी वाऱ्याबरोबर जास्त पळते त्याने इतरांच्या वाऱ्याच्या अंगाला जायचं नाही, कारण तो पळत येऊन त्यांच्यावरच पडणार. रुफिनोने हात वर केला. ऐकलं, असा तो हात होता.

थोड्या वेळाने मेलचोरच्या गळाला मासा लागला. दोरी त्याच्या हातांतून सरसर खाली जायला लागली तेव्हाच कळलं की मोठा आहे. मेलचोर दोरी सोडत होता, आवळत होता, पुन्हा सोडत होता. कुप्याशी भांडताना माझा भाऊ एक शब्द बोलत नाही. फक्त नाकाने श्वास घेतो.

रुफिनोला तिकडे काही लागत नव्हतं. त्याच्या दोऱ्या मागे तिरक्या गेलेल्या आम्हाला इथून दिसत होत्या. त्याने त्याचं निळं पॅराशूट ओढून घेतलं, इंजिन सुरू केलं आणि जागा बदलली. मग पुन्हा बदलली. तिसऱ्यांदा तो आमच्या शेजारून गेला, आमच्या नाळेपुढे गेला, आमच्या पिवळ्या डब्याच्याही पुढे गेला आणि तिथे, बरोबर आमच्या वाऱ्याच्या अंगाला, त्याने पॅराशूट सोडलं.

"अरे ए!" तास्यो ओरडला. "इथे लग्नाची पंगत बसलीय का? सरक!"

मेलचोरचे दोन्ही हात माशात गुंतलेले. तो दात खाऊन म्हणाला, "आर्सेन्यो, त्याला सांग. नीट सांग. आत्ता सांग."

मी नाळेवर उभा राहून ओरडलो. रुफिनोने मान हलवली, गळ सोडत राहिला. मासा आमच्याकडे होता म्हणून त्याला आमच्याकडेच यायचं होतं. त्याची होडी मागे मागे सरकत आमच्या दोरीकडे येत होती, आणि ती सरकत नव्हती, धावत होती. आम्ही तिघंही ओरडलो. त्याच्या होडीचा मागचा भाग आमच्या पिवळ्या डब्यावर आला, डबा त्याच्या उलांडीखाली गेला, आणि तेव्हा कुठे त्या गाढवाला जाग आली. त्याने घाबरून इंजिन सुरू केलं.

इंजिनने एक हिसका खाल्ला आणि बंद पडलं. आमची दोरी त्याच्या पंख्यात गेली होती.

आता दोन होड्या एकाच दोरीला. आणि तेवढ्यात नैर्ऋत्येकडे आभाळ काळं झालं. पाण्यावर एक पांढरी रेघ धरून ते आमच्याकडे येत होतं.

मेलचोरने माशाची दोरी खुंट्याला गुंडाळली आणि नाळेवर आला. त्याचा आवाज शांत होता, आणि तो शांत असतो तेव्हाच मला भीती वाटते. "पारे, इंजिनला हात लावू नकोस. कापू तर मुळीच नकोस. मी दोरी ढिली सोडतो. आर्सेन्यो पोहत येतोय, तो सोडवेल. तोवर आपण दोघंही माझ्या पॅराशूटवर राहू. ते दोघांना धरेल. ऐकलंस?"

"वारा येतोय पारे!"

"येऊ दे! म्हणूनच सांगतोय!"

मी पाण्यात उडी घेतली होती. दोरीला धरून हाताने पुढे पुढे जात होतो. रुफिनोच्या होडीपासून मी चार-पाच वाव लांब असेन. त्याने कोयता घेतला आणि मागच्या बाजूला वाकला. मी ओरडलो, "मानोंग रुफिनो, मी पोचलोच!" त्याने माझ्याकडे पाहिलं. नजरेला नजर भिडली. मग त्याने कोयता मारला. एकदा पंख्याच्या या बाजूला, एकदा त्या बाजूला. माझ्या हातातली दोरी मेल्या सापासारखी ढिली पडली. पिवळा डबा एक गिरकी घेऊन दूर जायला लागला, आणि त्याच्याबरोबर फेलिसाने शिवलेलं सगळं. रुफिनोने आपलं निळं फडकं ओढून घेतलं, इंजिन सुरू केलं आणि गेला. मी पाण्यात होतो. त्याने वळून पाहिलं नाही.

मी मागे वळलो तर आमची होडी वाऱ्याला आडवी झाली होती आणि माझ्यापासून लांब चालली होती. मी पोहायला लागलो. मला मेलचोर दिसत होता. तो तास्योला ओरडून सांगत होता, "इंजिन! इंजिन लाव!" पण त्याचं तोंड माझ्याकडे नव्हतं. तो रुफिनोच्या होडीकडे बघत होता, आणि मूठ हवेत होती. कापलेली दोरी आमच्या नाळेवरून अजून पाण्यातच लोंबत होती. ती आधी आत ओढायची असते, हे मेलचोरला झोपेतसुद्धा माहीत आहे. तास्योने इंजिन लावलं. होडी वळली, दोरी खाली गेली आणि आमच्याच पंख्याला गुंडाळली. इंजिन खाकरलं आणि मेलं.

तास्योने रिकामा डबा दोरीला बांधून माझ्याकडे फेकला म्हणून मी आज हे सांगतोय. त्याने मला उलांडीवर ओढून घेतलं तेव्हा पाऊस आडवा लागायला लागला होता. मेलचोरचा कुपाही गेला होता. खुंट्याला तुटका दोरा फडफडत होता.

पुढचं नीट आठवतंय असं म्हणणार नाही. होडी आडवी पडली की प्रत्येक लाट तिला उलांडीपासून उचलते. एक उलांडी पाण्यात खुपसली जाते, दुसरी हवेत जाते. बांबू करकरतात. मेलचोर ओरडला, "वरची ताडपत्री काढा!" आम्ही छपराची ताडपत्री फाडून काढली. तिची एक कड आडव्या बांबूला बांधली, दुसऱ्या कडेला गळाचे दगड लटकवले, चारही कोपऱ्यांच्या दोऱ्या एकत्र करून गाठ मारली. नाळेवरची मोठी दोरी पंख्यापर्यंत जिथवर मोकळी होती तिथे कापली आणि तिला हे सगळं बांधून पाण्यात ढकललं. त्या ताडपत्रीने आमची नाळ अर्धी वळवली. पुरती नाही, अर्धीच. पण लाट आता तिरकी येत होती, आणि तेवढ्यावर आम्ही तरलो.

डाव्या उलांडीचा पुढचा बांबू मोडला तो तेव्हाच. तुटलेलं टोक फिरलं आणि तास्योच्या बरगड्यांवर बसलं. तो खाली पडला. तशातही म्हणाला, "खुर्ची गेली, आता पाठही गेली." मग बराच वेळ काही बोलला नाही. तास्यो गप्प बसला की होडी रिकामी वाटते.

वादळ आलं तसं गेलं. मी सुरी घेऊन पाण्याखाली गेलो, श्वास संपेपर्यंत कापायचो, वर यायचो, पुन्हा जायचो. पंखा मोकळा झाला. मोडकी उलांडी गळाच्या दोऱ्यांनी बांधून, तास्योला तांदळाच्या पोत्यावर टेकवून, आम्ही हळूहळू घराकडे निघालो. मेलचोर सुकाणूवर. कापलेल्या दोरीचं टोक त्याने हाताला गुंडाळून घेतलं होतं. वाटेत एकदाच म्हणाला, "किनाऱ्यावर उतरलो की पहिल्यांदा मी त्याच्या दारात जाणार. तू मध्ये पडायचं नाही."

"नाही पडणार," मी म्हणालो. तेव्हा मलाही तेच हवं होतं. मला त्याचे दात हवे होते.

दुपार कलली तेव्हा आम्ही पोचलो. अर्धं गाव किनाऱ्यावर. फेलिसाने मोडकी उलांडी पाहिली, तास्योला पाहिलं, नवऱ्याला पाहिलं आणि तास्योला धरून उतरवलं. तिच्या मागे सालुद उभी होती. धाकटी मुलगी कडेवर.

"मानोंग मेलचोर," ती म्हणाली, "रुफिनो कुठाय? तुमच्या मागून येतोय ना?"

मेलचोरचं तोंड उघडं राहिलं. सगळी वाट त्याने शिव्या जमवत काढली होती. त्या तिथेच अडकल्या.

"तो आमच्या आधी निघाला," शेवटी तो म्हणाला. "केव्हाच."

"आला नाही."

 मेलचोरने दोरीचं टोक वाळूत आपटलं. "मरू दे!" असं काहीतरी पुटपुटला. सालुदने ऐकलं. फेलिसानेही ऐकलं. मग तोच शेजारच्या सेलसोकडे वळून खेकसला, "तुझ्या होडीत तेल आहे का? असेल तर चल. बघत काय बसलायस!"

आम्ही तिघं निघालो. सेलसो सुकाणूवर, मी मध्ये, मेलचोर नाळेवर. वारा अजून जमिनीकडेच वाहत होता, लाटा मोठ्या होत्या, पण पाऊस थांबला होता. मेलचोर म्हणाला, "इंजिन बंद पडलं असणार. दोरीचा तुकडा पंख्याच्या दांड्याला राहिलाय, त्यानेच दांडा मोडला असेल. मग त्याचं ते फडकं त्याला धरणार नाही. वाऱ्याने तो कडेच्या खडकांकडे जाणार." बरोबर तिथेच तो सापडला.

उत्तरेकडे पोवळ्याचा लांब बांध आहे, भरतीलाही त्यावर पाणी फुटतं. रुफिनोची होडी त्याच्या अलीकडे होती. निळं पॅराशूट नाळेवरून सोडलेलं होतं, पण ते कधी फुगत होतं, कधी पिळून सुतळी होत होतं. होडी बांधाकडे सरकत होती. दोन्ही खलाशी वल्ह्यांनी पाणी मारत होते, जणू समुद्राला थोबाडीत देत होते. आम्हाला पाहून त्यातला म्हातारा खलाशी रडायला लागला.

सेलसोने होडी जितकी जवळ नेता येईल तितकी नेली. मेलचोरच्या हातात ओढायच्या दोरीचं वेटोळं होतं. फेकायची, बस. एवढंच काम होतं.

त्याने फेकली नाही.

"रुफिनो!" तो ओरडला. "माझी दोरी कशी तुटली?"

"फेक पारे!"

"आधी सांग. कशी तुटली?"

"वाऱ्याने तुटली! फेक!"

"कशाने?"

"पारे, खडक आलाय मागे!"

"मला दिसतोय खडक. तू बोल. माझा भाऊ पाण्यात होता. काय केलंस ते बोल."

मला आधी वाटलं, तो फेकतोच आहे, ओरडून झालं की फेकेल. मग मी त्याचा चेहरा पाहिला. त्याला उत्तर हवं होतं. खरंच हवं होतं. मागे लाट फुटली, पांढरं पाणी रुफिनोच्या मागच्या बाजूवर पडलं. तो म्हातारा खलाशी गुडघ्यावर बसला आणि छातीवर क्रूस काढायला लागला.

"मानोंग, फेक!" मी म्हणालो.

"थांब. तो बोलेपर्यंत थांब."

"त्या दोघांनी काय केलंय? फेक!"

"तू गप्प बस."

मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता. रुफिनोने दोरी कापली तेव्हाही नाही. मी पुढे झालो, त्याच्या छातीत कोपर मारलं, वेटोळं हिसकावून घेतलं आणि फेकलं. पहिली दोरी कमी पडली. ओढून घेऊन पुन्हा फेकली. धाकट्या खलाशाने ती पकडली. सेलसोने इंजिन पूर्ण जोरात सोडलं. दोरी ताणली, रुफिनोच्या होडीचा तळ एकदा पोवळ्याला घासला. तो आवाज दगडावर लोखंड ओढल्यासारखा आला. मग होडी सुटली.

घरी येताना सूर्य मावळत होता. मेलचोर खाली बसून राहिला. गाव दिसायला लागलं तेव्हा म्हणाला, "मी फेकणारच होतो."

"कधी?" मी विचारलं.



गावाच्या सभेची जागा म्हणजे बास्केटबॉलच्या मैदानाचं छप्पर. रविवारी प्रार्थना झाल्यावर गावप्रमुख ओर्तेन्सियाबाईने आम्हाला तिथे बोलावलं. तिच्यापुढे कुणी वरच्या आवाजात बोलत नाही. ती स्वतःच इतकी हळू बोलते की ऐकायला सगळ्यांना गप्प बसावं लागतं.

रुफिनो उठून म्हणाला, "दोरी वाऱ्याने तुटली. समुद्र आहे. होतं असं."

मेलचोरने दोरीचं टोक टेबलावर ठेवलं. एका घावात कापलेलं, गुळगुळीत, एकही धागा निसटलेला नाही. "वाऱ्याला कोयता कुणी दिला?"

लोक हसले. रुफिनो म्हणाला, "ते तूही नंतर कापू शकतोस. आणि तू काय केलंस ते सांग ना! खडकावर आम्हाला सोडून गंमत बघत उभा होतास!"

"खोटं!" मेलचोर उभा राहिला.

माझ्या शेजारी तास्यो बरगड्यांना फडकं बांधून बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठलो. म्हणालो, "ते खोटं नाही." आणि मग सगळं सांगितलं. दोघांचंही. पाण्यात मी होतो ते, कोयता दोनदा पडला ते, आणि खडकापुढे माझ्या भावाच्या हातात दोरी होती आणि त्याने ती फेकली नाही ते. मेलचोर माझ्याकडे असा बघत होता, जणू मी त्याच्या घरातून काही चोरून आणून टेबलावर ठेवतोय.

मी बसलो तेव्हा सालुद उठली. तिने ओर्तेन्सियाबाईकडे पाहिलंच नाही. नवऱ्याला विचारलं, "आर्सेन्यो पाण्यात होता तेव्हा कापलीस?"

"तो मला दिसला नाही."

"मी हाक मारली," मी म्हणालो. "तू माझ्याकडे पाहिलंस."



"दिसला होता?" सालुदने पुन्हा विचारलं.

"दिसला होता," तो म्हणाला. "मला भीती वाटली. मी कापली."

सालुद मुलीला उचलून घरी गेली. सबंध गावासमोर. रुफिनो तसाच उभा राहिला, हात लोंबते ठेवून.

ओर्तेन्सियाबाईने मेलचोरकडे मान वळवली. "आणि तू?"

 "धरून ठेवली होती," तो म्हणाला. "त्याने कबूल करावं म्हणून."

"आणि तोवर ती होडी फुटली असती तर? कबुली कुणाकडून घेतली असतीस?"

 मग तिने काय ठरवलं ते सांगितलं. रुफिनोने नव्या पॅराशूटचं कापड आणि दोरी आणून द्यायची, आमची मोडकी उलांडी स्वतःच्या हाताने बांबू तोडून बसवायची. मेलचोरने रुफिनोच्या त्या दोन खलाशांच्या घरी जायचं, एकट्याने, आणि त्यांच्या घरच्यांपुढे काय केलं ते सांगायचं. मेलचोर म्हणाला की त्यापेक्षा मी दहा उलांड्या बसवून देतो. ती म्हणाली, "म्हणूनच." तो गेला. म्हाताऱ्या खलाशाच्या बायकोने त्याला आत घेतलं नाही, पायरीवर उभं राहून बोलायला लावलं. शेजारपाजारच्यांनी खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या.

रुफिनोने उलांडी बसवली, चांगली बसवली. दोघं त्या दिवसांत शेजारी काम करायचे आणि एकमेकांना नावाने हाक मारायचे. 'पारे' पुन्हा कुणाच्या तोंडून निघालं नाही. पुढे रुफिनोनेही मोठं पॅराशूट घेतलं. आता तो समुद्रात आमच्या गावच्या सगळ्या होड्यांच्या मागच्या अंगाला राहतो, इतका मागे की कधीकधी दिसतही नाही. मला तो दिसला की अजूनही हातात कापलेली दोरी आल्यासारखं वाटतं, आणि मी तोंड फिरवतो.

मी भावाची होडी सोडली आणि सेलसोकडे इंजिनवर लागलो. फेलिसा मला त्याबद्दल एकदाही बोलली नाही. तिने मेलचोरशीही कितीतरी दिवस कामापुरतंच बोलणं ठेवलं होतं. तास्यो बरा झाल्यावर मेलचोरकडे परत गेला. म्हणाला, "मला दुसरीकडे कोण बोलू देणार?"

महिन्याभराने एका पहाटे मी सेलसोच्या होडीत तेल भरत होतो. मेलचोर वाळूवरून चालत आला, पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरला आणि आमची उलांडी धरून उभा राहिला.

"नवा माणूस इंजिनाला लाथा मारतो," तो म्हणाला.

"प्लग बदलायला सांग. लाथांनी होत नाही."

"सांगितलं." मग तो उगाच उलांडीच्या गाठी चाचपत राहिला. गाठी चांगल्या होत्या, मीच मारल्या होत्या. "त्या दिवशी," तो म्हणाला, "मी तास्योला इंजिन लावायला सांगितलं. सगळीकडे मी सांगत फिरलो की तुला घ्यायलाच वळत होतो."

मी तेलाच्या डब्याचं झाकण घट्ट केलं.

"तुझ्याकडे नाही वळत होतो. त्याच्या मागे जात होतो. तू पाण्यात आहेस हे मी विसरलो होतो."

"माहीत आहे," मी म्हणालो. "तुझं तोंड कुणीकडे आहे ते मला दिसत होतं."

सेलसो वल्हं घेऊन मागे बसला होता, तो समुद्राकडे बघायला लागला. मेलचोरने उलांडी सोडली. मी इंजिन सुरू केलं.